ताईच्या डोळ्यांसाठी

आमच्या मंडळीत दर गुरुवारी संध्याकाळी सहा वाजता आम्ही सात-आठ जण चर्चशेजारच्या खोलीत जमतो आणि आफ्रिकेतल्या मिशनऱ्यांसाठी, तिथल्या विश्वासणाऱ्यांसाठी प्रार्थना करतो. प्रार्थनेची वही माझ्याकडे असते. कोणासाठी काय मागायचं ते मी लिहून घेते आणि बसल्यावर वाचून दाखवते. म्हणून ही हकिकत मला सगळ्यात जवळून ठाऊक आहे. जे मी डोळ्यांनी पाहिलं नाही, ते तिनं स्वतः मला नंतर सांगितलं, आणि सांगताना स्वतःला कुठंही झाकलं नाही.

ती म्हणजे आमची ताई. चष्म्याच्या दुकानात काम करते. पुढं काचेच्या कपाटांत फ्रेमा मांडलेल्या असतात, तिथं मालक बसतात. ताई असते मागच्या अरुंद खोलीत, यंत्रापाशी. लेन्सचा मध्य हेरून त्यावर शाईचा ठिपका द्यायचा, मग ओल्या चाकावर लेन्सची कड घासून ती फ्रेमच्या मापाची करायची, फ्रेमला ऊब देऊन लेन्स आत बसवायची, असं तिचं काम. बावीस वर्षं ती ते करते आहे. तिच्या बोटांच्या पेरांवर घासलेल्या काचेची पांढरी पूड कायम असते. पूड धुऊन जाते, पण पेरं खरखरीत ती खरखरीतच. तिनं बसवलेली लेन्स कधी हलत नाही, असं मालक गिऱ्हाइकांना सांगतात. तिला मात्र कधी सांगत नाहीत.

ती सगळ्यांचीच ताई झाली ती तिच्या धाकट्या बहिणीमुळं. आई गेली तेव्हा ताई तेरा वर्षांची होती आणि धाकटी पाच. न्हाऊमाखू घालणं, शाळेत सोडणं, ताप आला की उशाशी बसणं, सगळं हिनंच केलं. धाकटी दिवसभर ताई ताई करायची. ते ऐकून शेजारी ताई म्हणू लागले, मग मंडळी म्हणू लागली. वयानं तिच्याहून मोठे असलेले आमचे भूगोलाचे मास्तरही तिला ताईच म्हणतात.

आता जे सांगते ते फारसं कोणाला माहीत नव्हतं. आफ्रिकेला जायचं होतं ते ताईला. एकदा तिथून परतलेल्या एक मिशनरी बाई आमच्याकडं बोलायला आल्या होत्या. ताईनं त्याच आठवड्यात अर्ज भरला. एकटीनं जायला कसंतरी वाटलं म्हणून धाकटीलाही भरायला लावला. धाकटी तेव्हा नर्सिंग शिकत होती. उपासनेला यायची ती मैत्रिणींना भेटायला. तिचं शिक्षण संपता संपता दोघींना बोलावणं आलं. आणि जायच्या तीन महिने आधी वडिलांना अर्धांगवायू झाला. एकीला राहावं लागणार होतं. धाकटी रडली, मीच राहते म्हणाली. ताई म्हणाली, "तू नर्स आहेस, तिथं तुझा उपयोग आहे. मी काय, तिथं जाऊन काचा घासू?" तिला वाटलं होतं, धाकटी आणखी एकदा नाही म्हणेल. धाकटी दुसऱ्यांदा नाही म्हणाली नाही.

वडील त्यानंतर अकरा वर्षं अंथरुणावर होते.

धाकटी गेली आणि मास्तरांनी खोलीच्या भिंतीवर आफ्रिकेचा नकाशा लावला. तिच्या दवाखान्याच्या जागी लाल टाचणी टोचली. तेव्हापासून उपासना संपली की लोक ताईभोवती जमायचे. धाकटी कशी आहे? तिकडं पाऊस झाला का? दवाखान्याचं छप्पर घातलं का? ताई सगळ्यांना उत्तरं द्यायची. तिच्या घरी वडिलांची कूस दिवसातून सहा वेळा बदलावी लागते, हे कोणी विचारत नव्हतं. वडील गेल्यावर लोक भेटायला आले, तेही निघताना म्हणाले, "धाकटीला किती वाईट वाटत असेल, एवढ्या लांब." ताईनं मान डोलावली आणि त्यांच्या चपला सरळ करून दिल्या.

मी वही चाळून पाहिली. पंधरा वर्षांत धाकटीचं नाव प्रत्येक गुरुवारी आहे. ताईचं एकदाही नाही. वही मी लिहिते, तेव्हा दोष कोणाचा हे उघडच आहे.

एक मान मात्र ताईचा होता. धाकटीची पत्रं तिच्याच पत्त्यावर यायची, आणि गुरुवारी तीच ती वाचून दाखवायची. ती छान वाचते. कुठं थांबायचं ते तिला कळतं. पत्र वाचताना तिचा चेहरा उजळतो असं मला वाटायचं. ती म्हणाली, "उजळायचा कसला गं, पोटात दुखायचं माझ्या. पण त्या दहा मिनिटांत सगळे माझ्याकडं बघायचे, ते मला सोडवत नव्हतं."

दोन वर्षांपूर्वी त्या पत्रांत एक नवीन बाई आली. तिथल्याच मंडळीतली, विधवा, पन्नाशीची. दवाखान्यात रोग्यांपाशी बसायची, आणि रविवारी शास्त्रवाचन तीच करायची, कारण त्या गावातल्या बायकांत नीट वाचता येणारी ती एकटी. धाकटी आजारी पडली तेव्हा हिनं तिला नऊ दिवस आपल्या घरी ठेवून घेतलं. धाकटीनं लिहिलं होतं, "मी तिला ताईच म्हणते. आता इथली पोरंसोरंही तिला ताई म्हणतात. त्यांना वाटतं, ते तिचं नावच आहे."

ताईनं ते पत्र घरी, चहा पिता पिता वाचलं. चहा तसाच राहिला. ती मला म्हणाली, "माझं लुगडं नेलं असतं, दागिना नेला असता, तर मी काही म्हटलं नसतं. पण तो शब्द माझा होता. मी तिला बोलायला शिकवलं, तेव्हा पहिल्यांदा तिच्या तोंडून तो निघाला होता."

त्या गुरुवारी तिनं पत्र वाचलं तेव्हा त्या जागी 'तिथली एक बाई' एवढंच म्हटलं. कोणाला काही कळलं नाही. मग ती सवयच झाली. पत्रांत ताई असं, ताई तसं, ताई म्हणाली, ताई हसली, असं वाढत गेलं. ताई वाचताना ते सगळं गाळायची. कधी आख्खा परिच्छेद गाळायची आणि पान उलटायची. आम्हाला वाटायचं, धाकटीची पत्रं अलीकडं लहान येतात.

घरी ती सकाळी प्रार्थना करायची तेव्हा मात्र फसायची. छपरासाठी मागायची, औषधांसाठी मागायची, त्या गावच्या नव्या विश्वासणाऱ्यांसाठी मागायची. मग ती बाई समोर यायची आणि हिची जीभ अडखळायची. तोंडदेखलं मागायचं तर देवाला कळणार, आणि मनापासून मागणं होत नव्हतं. ती तिथंच आमेन म्हणून उठायची आणि दुकानात जायची.

मग एका पत्रात विनंती आली. त्या बाईची नजर कमी झाली होती. जवळचं दिसत नव्हतं, लांबचंही धूसर झालं होतं. फिरत्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी डोळे तपासून दिले होते, पण चष्मा मिळायला दोन दिवसांच्या वाटेवरचं शहर गाठावं लागणार होतं. धाकटीनं दोन्ही डोळ्यांचे नंबर पत्रात लिहिले होते. "रविवारी ती पुस्तक हातभर लांब धरते आणि पाठ आहे तेवढंच म्हणते. लोकांना वाटतं, वाचते आहे. मंडळीला तिच्या डोळ्यांसाठी प्रार्थना करायला सांग. आणि ताई, तुझ्या हातचा एक चष्मा पाठवशील?"

ताईला ते नंबर बघताक्षणी कळलं की काम अर्ध्या दिवसाचं आहे. दुहेरी लेन्स, साधी फ्रेम. तिनं ते पत्र दुकानात नेलं आणि यंत्राखालच्या खणात, फ्रेमा पुसायच्या फडक्यांखाली ठेवलं. गुरुवारी आम्हाला म्हणाली, या वेळी पत्र आलं नाही. त्या आठवड्यात आम्ही धाकटीच्या गावात खणायच्या विहिरीसाठी प्रार्थना केली.

असे चार महिने गेले. धाकटीनं मधे एकदा विचारलं, चष्म्याचं काय झालं? ताईनं कळवलं, बघते. रोज ती खण उघडायची, फडकं काढायची, खण लावायची. रोज दुसऱ्या कोणाचे तरी चष्मे करायची. एका आजोबांना नवा चष्मा घातल्यावर समोरच्या दुकानाची पाटी वाचता आली, तेव्हा ते लहान मुलासारखे हसले. ताई मागच्या खोलीत गेली आणि दार लोटून घेतलं.

मग तो गुरुवार आला. धाकटीच्या गावात फोन लागत नाही. टेकडीवर चढलं तरच लागतो. त्या दिवशी ती चढली होती. मास्तरांचा फोन वाजला. मास्तरांनी तो गीतपुस्तकांच्या चळतीला टेकवून उभा केला आणि आम्ही सगळे दाटीवाटीनं समोर बसलो. चित्र थांबून थांबून येत होतं. धाकटीनं सगळ्यांना नमस्कार केला, आभार मानले. ताई माझ्या शेजारी होती. मग धाकटी म्हणाली, "ताईच्या डोळ्यांसाठी प्रार्थना करताय ना? दिवसेंदिवस कमी दिसतंय तिला. ती स्वतः काही मागणार नाही, तिचा स्वभाव तुम्हाला ठाऊकच..." आणि फोन तुटला.

आमच्या लेखी ताई एकच होती. आम्ही सगळे तिच्याकडं वळलो.

पाळकबाई, म्हणजे आमच्या पाळकांच्या पत्नी, उठून तिच्यापाशी आल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. म्हणाल्या, "ताई, आम्हाला एका शब्दानं सांगितलं नाहीस. आफ्रिकेतून कळावं लागलं?"

ताईनं तोंड उघडलं होतं, मी पाहिलं. तेवढ्यात आमच्यातल्या शिलाईवाल्या मावशींनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. बेकरीवाले काका, मास्तर, मी, सगळ्यांनी तिच्या खांद्यांवर, पाठीवर हात ठेवले, आणि पाळकबाई प्रार्थना करू लागल्या. त्यांनी ताईच्या डोळ्यांसाठी मागितलं. तिच्या हातांसाठी मागितलं. वडिलांची अकरा वर्षं तिनं कशी काढली ते सगळं देवापुढं मांडलं, मावशींनी त्यात भर घातली. ताई रडत होती. आम्हाला वाटलं, आजाराच्या भीतीनं रडते आहे.

ती मला म्हणाली, "चोरीचं होतं गं ते सगळं, दुसरीच्या ताटातलं. तरी मी गप्प बसले. पंधरा वर्षांत पहिल्यांदा माझ्या पाठीवर कोणाचा हात आला होता. म्हटलं, दोन मिनिटं असू दे. मग म्हटलं, आज असू दे, उद्या सांगेन."

उद्या काही सांगणं झालं नाही, कारण उद्यापासून तिची बडदास्त सुरू झाली. बेकरीवाले काका तिला हाताला धरून रस्ता ओलांडून द्यायला लागले. ती त्यांच्याहून चांगली बघते, पण काय बोलणार? मावशींनी गाजरांचा रस पाठवला. एक आठवडा सकाळ-संध्याकाळ गाजरं. पाळकबाई दुकानात जाऊन मालकांना सांगून आल्या की हिला यंत्रावर बसवू नका. मालक घाबरले. त्यांनी ताईला पुढच्या खुर्चीत बसवलं आणि स्वतः तिचे डोळे तपासले. ताईनं अक्षरांच्या तक्त्यावरची शेवटची ओळही वाचली. खाली छापखान्याचं बारीक नाव होतं, तेही वाचलं. मालक म्हणाले, "तुझी नजर माझ्यापेक्षा तेज आहे, घारीसारखी. कोणी उठवलं हे?"

ही बातमी पाळकबाईंना कळायला किती वेळ लागणार? पुढच्या शुक्रवारी दुपारीच त्या ताईच्या घरी आल्या. देवानं ऐकलं, म्हणाल्या. रविवारी उपासनेत सगळ्यांसमोर उभं राहून देवानं बरं केल्याची साक्ष द्यायलाच हवी.

शनिवारी ताई जेवली नाही. आजारी असल्याचं सांगून घरी राहावं असं मनात आलं होतं, पण मग तर सगळी मंडळी घरीच आली असती.

रविवारी पाळकांनी तिला पुढं बोलावलं. ती उभी राहिली, समोरच्या बाकाला घट्ट धरलं, आणि आवाज न चढवता म्हणाली, "माझ्या डोळ्यांना काही झालं नव्हतं. धाकटी बोलली ती ताई मी नव्हे. तिथं एक दुसरी बाई आहे, तिलाही ती ताई म्हणते. डोळे तिचे जाताहेत. तिच्यासाठी प्रार्थना करा असं चार महिन्यांपूर्वीच पत्र आलं होतं. मी ते लपवलं. चष्मा मागितला होता, तोही केला नाही. मला तिचा हेवा वाटत होता. तुम्ही माझ्यासाठी प्रार्थना केलीत ती मी गप्प राहून घेतली. ती तिची होती."

शेवटच्या बाकावरचे एक आजोबा कानांनी ठार बहिरे आहेत. साक्ष संपली एवढं त्यांना दिसलं आणि ते मोठ्यानं म्हणाले, "आमेन!" एक-दोन पोरं हसली. ताई आपल्या जागी येऊन बसली. पाळकांनी पुढचं गीत सांगितलं.

नंतर अंगणात लोक तिच्याभोवती जमले नाहीत. ती एकटी चालत निघाली. मी मागून गेले. कशाला गेले ते मला नीट सांगता येणार नाही. थोडा रागच होता. आमच्या पंधरा वर्षांच्या गुरुवारांची तिनं थट्टा केली असं वाटत होतं. घरी तिनं मला सगळी पत्रं काढून दिली, खणातलंसुद्धा. म्हणाली, यापुढं तू वाच. मी ती पत्रं तिथं बसून वाचली, आणि तिनं वरची सगळी हकिकत सांगितली. उठताना माझा राग पुरता गेला नव्हता, पण वहीत पंधरा वर्षं तिचं नाव का नव्हतं, हा प्रश्न मीही घरी घेऊन गेले.

सोमवारी ताईनं मालकांना विचारून चष्मे करायला घेतले. एकाऐवजी दोन केले, एक फुटला तर असावा म्हणून. पार्सलबरोबर धाकटीला पत्र लिहिलं आणि त्यात सगळं सांगितलं.

धाकटीचं उत्तर जेमतेम चार ओळींचं आलं. ती बाई महिन्याभरापूर्वी दवाखान्याच्या पायरीवरून पडली होती. पायरी दिसली नाही. मनगट मोडलं होतं. "पत्र लपवल्याचं मला तुझ्याकडून कळलं ते बरं झालं. आत्ता याहून जास्त लिहवत नाही." मी ते गुरुवारी मोठ्यानं वाचलं, कारण ताईनंच वाचायला सांगितलं. मावशी तिच्या शेजारून उठून दुसऱ्या खुर्चीवर जाऊन बसल्या. पुढं दोन महिने त्या तिच्याशी बोलल्या नाहीत. ताई तरी दर गुरुवारी येत राहिली. सगळ्यात शेवटी यायची, दाराजवळ बसायची.

मग एक जाड पाकीट आलं. आत त्या बाईचं पत्र होतं, तिच्या भाषेत, मोठ्या वळणदार अक्षरांत, आणि प्रत्येक ओळीखाली धाकटीनं आपल्या भाषेत अर्थ लिहिला होता. मी वाचलं ते असं:

"चष्मा मिळाला. आता रविवारी मी खरंच वाचते. तुमची बहीण सांगते की तुम्ही मला चार महिने लपवून ठेवलंत. मला राग आला होता, कारण मनगट फार दुखलं. पण मलाही एक सांगायचं आहे. ती तुमच्याबद्दल बोलायला लागली की मी पाणी आणायला उठते. घागर भरलेली असली तरी उठते. माझी ताई असं करायची, माझी ताई तसं करायची, असं ती रोज सांगते. मी नऊ दिवस तिची सेवा केली, आणि तापात ती हाक मारत होती तुम्हाला. मी इथल्या मंडळीत सगळ्यांसाठी प्रार्थना करते, पण तुमच्यासाठी कधी केली नव्हती. आता करायला लागले आहे. अजून अडखळते. आणखी एक, तुमच्या बहिणीच्या कानामागं केस पांढरे झाले आहेत. आधी मला दिसले नव्हते. तुम्हाला ठाऊक असावं म्हणून लिहिते."

वाचून झाल्यावर मास्तर चष्मा पुसत बसले. मी प्रार्थनेला सुरुवात करणार तेवढ्यात ताईनं दाराजवळून विचारलं, मी करू का? साक्षीच्या दिवसापासून तिनं सगळ्यांत कधी प्रार्थना केली नव्हती.

ती म्हणाली, "प्रभू, तिचं मनगट नीट जुळू दे. तिची नजर टिकू दे. ती पायऱ्या उतरताना तिच्यासोबत राहा. आणि माझ्या बहिणीचे पांढरे केस तिला दिसतात, मला दिसत नाहीत, हे मला अजून सहन होत नाही. तेही तूच बघ."

"आमेन," मावशी म्हणाल्या. मग खुर्ची थोडी सरकवून म्हणाल्या, "इकडं ये बस. दारात वारा लागतो."

याला आता वर्ष होऊन गेलं. ताईचा हेवा गेला का, असं मी तिला परवा विचारलं. ती म्हणाली, "जातो कुठला. सकाळी उठला की माझ्याआधी तोंड धुऊन बसतो. पण आता मी त्याला घेऊनच प्रार्थनेला बसते, बाहेर ठेवत नाही." त्या दोघींचा पत्रव्यवहार चालू आहे. ही मनगटाच्या व्यायामाचं विचारते, ती यंत्राच्या आवाजानं कान दुखतात का ते विचारते. गेल्या महिन्यात एका पत्राखाली धाकटीनं समासात आडवं लिहिलं होतं, "तुम्हा दोघींची पत्रं या भाषेतून त्या भाषेत करून करून माझा हात दुखायला लागला. माझी चौकशी कोणीच करत नाही. मी काय टपालपेटी आहे?"

ताईनं ती ओळ मला दोनदा वाचायला लावली. मग म्हणाली, वहीत लिही, धाकटीचा हात.